परसात कोण येऊन गेलं? आधी पानाला विचारा

"आमच्या परसात काय येतंय? चिमण्यासुद्धा राहिल्या नाहीत," असं सांगणाऱ्यांच्या घरी गेले, की चहा होईपर्यंत मी त्यांच्या कढीपत्त्याखाली जाऊन उभी राहते. पान उलटं करून बघायचं, झाडाखालची फरशी बघायची, कुंड्यांच्या मागं वाकून बघायचं. चहा यायच्या आत दोन-तीन भाडेकरू सापडतात आणि घरमालकाला त्यांचा पत्ताच नसतो.

मी काही प्राणिशास्त्र शिकलेली नाही. माझा चटणी-मसाल्याचा घरगुती धंदा आहे. घर कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला, मागं थोडं परस. कढीपत्ता, लिंबू, शेवगा, पपई, दोन नारळ, जास्वंदीचं कुंपण आणि आत्याबाईंनी लावलेलं बदामाचं जुनं झाड. चूल आणि परस यांच्यामध्ये दिवसभर माझ्या खेपा चालू असतात, त्यामुळं बघणं होतंच. लोक गवा बघायला दाजीपूरला जातात, जरूर जावं. पण ज्या संस्थानात एकेकाळी शिकारीसाठी चित्ते पाळायचे, त्या कोल्हापूरच्या माणसाला आपल्या लिंबावर काय चाललंय ते ठाऊक नसावं, हे काय बरं नव्हे.

तर बघायचं कसं ते सांगते. प्राणी शोधत फिरू नका. लपणं हा त्याचा रोजचा धंदा आहे, त्यात तो तुम्हाला हार जाणार नाही. त्यापेक्षा त्याचं जेवण शोधा, त्याची घाण शोधा आणि त्याच्यावर कोण ओरडतंय ते ऐका. एवढं जमलं की तो आपसूक सापडतो.

कुरतडलेलं पान

पानाला भोक दिसलं की आपल्याकडे आधी फवारणीची बाटली निघते. ती राहू दे खाली. कढीपत्ता, लिंबू आणि बेल ही एकाच कुळातली झाडं, आणि त्यांच्यावर वाढणारी फुलपाखरंही ठरलेली. लिंबाचं फुलपाखरू, कॉमन मॉरमॉन, आणि नशीब असेल तर ब्लू मॉरमॉन, म्हणजे २०१५ साली राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळी. काळ्या पंखांवर निळा पट्टा मारलेली, तळहाताएवढी. पावसाळ्यात आणि पाऊस सरल्यावर ती शहरातल्या बागांतही येते.

सुरुवात कोवळ्या शेंड्यापासून करायची. पोपटी, अजून नीट न उलगडलेली पानं असतात ना, तिथं मोहरीपेक्षाही लहान, गोल, फिकट पिवळं अंडं चिकटवलेलं असतं. एका ठिकाणी बहुधा एकच. चार-पाच दिवसांत अळी निघते, आणि ही अळी पहिल्यांदा बघणारा हमखास फसतो, कारण ती हुबेहूब पक्ष्याची शिट दिसते. तपकिरी, मध्ये पांढरा डाग, वर ओलसर चमक. पानाच्या वरच्या बाजूला बिनधास्त बसलेली असते, कारण शिट कोण खाणार? म्हणून कढीपत्त्यावर शिट दिसली की जवळ जाऊन बघा. एकाच आकाराच्या दोन-तीन शिटा वेगवेगळ्या पानांच्या अगदी मधोमध असतील, तर त्या शिटा नव्हेत.

अळी कात टाकत वाढते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार होते. आता ती देठाला समांतर बसते आणि पानात मिसळून जाते. अशी अळी सापडली की गवताच्या काडीनं तिच्या मानेजवळ हलकेच टेकवा. डोक्यामागून नारिंगी किंवा लाल रंगाचं दोन टोकांचं शिंग झटकन बाहेर येतं आणि आंबूस, उग्र वास सुटतो. मुंग्या, कोळी यांना पळवण्याचं तिचं हत्यार आहे ते. एकदाच करून बघा. पोरांना दाखवलं की ती दहादा करायला लागतात, तेव्हा काडी काढून घ्या. अळीला ते शिंग फुकट मिळत नाही.

घरात आणून वाढवायची असेल तर काचेची बरणी घ्या, तोंडाला जुन्या साडीचा पातळ तुकडा बांधा. रोज ताजी पानं, तीही त्याच झाडाची. लिंबावरची अळी लिंबावरच ठेवा. खालची घाण रोज झाडा, नाहीतर बुरशी येऊन अळी मरते. बरणीत एक काडी तिरपी उभी करून ठेवा. खायची थांबली, एकदा पातळ शी केली आणि सैरभैर फिरायला लागली, की कोष करायची वेळ आली म्हणून समजा. शेपटाकडून ती काडीला चिकटते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते. नारळावर चढणारा माणूस कमरेला दोर घेऊन मागं रेलतो ना, अगदी तसं. हिरव्या फांदीवरचा कोष हिरवा, वाळक्या काडीवरचा तपकिरी. साधारण दीड आठवड्यात, बहुतेक वेळा सकाळी, फुलपाखरू बाहेर येतं. पंख चुरगळलेले असतात, ते फुलवून वाळवायला त्याला तास-दोन तास लागतात. तेवढ्यात बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, मोबाईलचा फ्लॅशही नको. कधी फुलपाखराच्या जागी कोषाला बारीक भोकं पडतात आणि आतून चिलटाएवढ्या गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या आईनं कोषात अंडी घातलेली असतात. हेही परसातलंच जगणं आहे, नाक मुरडायचं कारण नाही.

झाड वीतभर असेल आणि अळ्या चार असतील, तर मात्र झाडच जाईल. तेव्हा अळ्या पानासकट उचलून मोठ्या झाडावर नेऊन ठेवा. फोडणीला कढीपत्ता तोडताना मी डहाळी आधी उलटी धरून बघते. ही सवय लावून घ्या, फुलपाखरासाठी आणि आमटीसाठीही.

बाकीची झाडं थोडक्यात. गुलाबाच्या पानांच्या कडेला कंपासनं काढावेत असे गोल तुकडे गेलेले दिसले तर ती कीड नव्हे, पत्रकापी माशी. पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात ती त्या तुकड्यांच्या पुड्या करून पिल्लांची खोली बांधते. कुंपणाच्या रुईवर काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली अळी म्हणजे प्लेन टायगर. कण्हेरीच्या पानाखाली चांदीच्या डुलासारखं चकाकणारं काही लोंबताना दिसलं तर तो कॉमन क्रोचा कोष. सीताफळ आणि उंच वाढणारा आसुपालव यांवर टेल्ड जे. शेवग्याच्या खोडावर मात्र केसाळ सुरवंटांचा घोळका बसलेला असला तर हात लावू नका. त्याची कुसळं लागली की दिवसभर खाज सुटते.

घाण बघायला लाजू नका

सकाळी अंगण झाडायच्या आधी एक फेरी मारायची. झाडून झालं की पुरावा गेला.

पानांखाली फरशीवर काळपट हिरवे बारीक दाणे पडलेत? सरळ वर बघा, दाण्यांच्या नेमक्या वरच अळी असते. काळी लेंडी आणि तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका, ती पालीची. पायरीपाशी बोटाच्या पेराएवढी, काळी, चुरगळली तर आत मुंग्यांची डोकी आणि भुंग्यांच्या पंखांची टरफलं, ती खरबरीत अंगाच्या बेडकाची, म्हणजे भेकाची. एवढ्याशा प्राण्याची एवढी मोठी, म्हणून लोकांना खरं वाटत नाही.

बदामाखाली चोथा चघळून टाकलेली फळं, आणि पपईच्या झाडापासून लांब भलत्याच ठिकाणी पडलेली अर्धी पपई, हे वटवाघळाचं काम. फळ जागेवर न खाता ते तोडून दुसऱ्या झाडावर नेतं, रस चोखतं आणि चोथा थुंकतं. कंपाउंडच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर एकाच जागी वारंवार बियांनी भरलेली विष्ठा सापडत असेल, जांभळाच्या दिवसांत जांभळाच्या बिया आणि नंतर पपईच्या, तर तुमच्या घरावरून रात्री उदमांजर जातंय. लोक त्याला बिबट्याचं पिल्लू समजून वाड्यावस्तीत हाकाटी करतात. मांजरापेक्षा लांबट अंग, आखूड पाय, अंगाएवढी लांब शेपूट, तोंडावर काळपट मुखवटा. पोटमाळ्यावर रात्री धपधप होते ती बऱ्याचदा त्याचीच.

आणि सगळ्यांत भारी चीज म्हणजे घुबडाची गोळी. गव्हाणी घुबड उंदीर सबंध गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांचा अंगठ्याएवढा गोळा करून ते तोंडावाटे टाकतं. जुन्या वाड्याची खिडकी, पाण्याची टाकी, नारळ, यांखाली भिंतीवर पांढरे ओघळ दिसले की खाली शोधा. गोळी मिळाली तर तोंडाला रुमाल बांधा, हातमोजे घाला, कोमट पाण्यात जंतुनाशकाचे दोन थेंब टाकून ती भिजत ठेवा आणि सुईनं हळूहळू सोडवा. आत कवट्या असतात. पुढचे दात पिवळसर नारिंगी, पटाशीसारखे असले तर उंदीर. सगळे दात पांढरे आणि टोकदार असले तर चिचुंद्री. एका गोळीत कधी दोन-तीन जणांचा हिशोब मिळतो. घुबड घरावर बसलं की अपशकुन म्हणून दगड मारणाऱ्या आमच्या भाऊजींसमोर मी ह्या कवट्या कागदावर मांडून ठेवल्या होत्या. धान्याचं पोतं त्यांचंच, म्हटलं बघा कुणी राखलं ते. उंदरासाठी विषाच्या वड्या टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. विष खाल्लेला, सुस्तावलेला उंदीर सगळ्यांत आधी घुबडाच्या तावडीत सापडतो, आणि ते विष घुबडाच्या पोटात जातं. चिकट कागदाचे सापळे तर उघड्यावर ठेवूच नका. त्यांना पाली, सापसुरळ्या, चिमण्या काहीही चिकटतं.

कालवा कशाचा चाललाय?

आता कान. परसात रोजचे आवाज कुठले, ते एकदा डोक्यात बसले की बिघडलेला आवाज लगेच कळतो. खार एरवी चिकचिक करतेच. पण एका जागी बसून, प्रत्येक चिरकण्याबरोबर शेपटीला झटका देत ती बराच वेळ ओरडत राहिली, तर तिचं तोंड कुठं आहे ते बघा. तिकडं मांजर, साप किंवा शिक्रा असतो. शिक्रा असला की आवाज एकदम बंद पडून सगळे फांदीला चिकटतात. साप असला तर उलट, साळुंक्या आणि बुलबुल गोळा होऊन वरून खाली बघत ओरडतात, आणि साप पुढं सरकला की तो कालवाही झाडाझाडानं पुढं सरकतो. असं कालव्याच्या मागं मागं गेलं तर धामण कुंपणातून निघून जाईपर्यंत लांबून नीट बघता येते. मुंगूस असला तरी असंच, फक्त तो फार घाईत असतो.

दिवसाढवळ्या छोटे पक्षी एका ढोलीवर किंवा दाट फांदीवर तुटून पडलेले दिसले तर आत पिंगळा बसलेला असणार. ठिपक्याठिपक्यांचा, मुठीएवढा, मान वरखाली करून तुमच्याकडं टक लावून बघणारा. जोडीनं राहतो. दिवेलागणीला दिव्याच्या खांबावर किडे धरायला तोच येतो. कावळा कोकिळाच्या मागं लागलेला दिसला की उन्हाळा-पावसाळ्याचे दिवस आणि आसपास कावळ्याचं घरटं, हे पक्कं. काळा नर कावळ्यांना अंगावर घेतो आणि ठिपकेवाली मादी तेवढ्यात अंडं घालून मोकळी होते. अंगणातल्या खुर्चीवरून फुकट बघायला मिळणारं नाटक आहे हे.

नुसतं गाणं ऐकायचं असेल तर मार्चपासून पहाटे दयाळ. काळा-पांढरा, शेपूट उभी. उजाडायच्या आधीच विजेच्या तारेवर बसून शीळ घालतो. दुपारी भर उन्हात एका लयीत टुक-टुक-टुक चालू असलं तर तांबट. तो मात्र दिसायला कठीण, पिंपळ-वडाच्या शेंड्याला बघत मान दुखते.

बघायच्या वेळा साध्या आहेत. उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत पक्षी. ऊन चढल्यावर फुलपाखरं, चतुर, सरडे. रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन एक फेरी. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावला तर प्राणी बुजत नाहीत. बॅटरी कपाळाजवळ धरून गवतात बघा, बारीक हिरवट-निळसर ठिणग्या चमकतील. ते दवाचे थेंब वाटतात, पण जवळ गेलं की कोळ्याचे डोळे.

पाणी ठेवायचं ते असं

उन्हाळ्यात पाणी ठेवा म्हणून सगळेच सांगतात, पण लोक बादली ठेवतात आणि तिच्यात खार बुडून मरते. कुंभाराकडून पसरट परळ आणा. पाणी बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, मधमाश्या आणि चिमण्या त्याच्यावर बसून पितात. जागा सावलीची, पण झुडपाला खेटून नको, नाहीतर मांजराची सोय होते. पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांनी परळ काथ्यानं घासा, म्हणजे डासांची अंडी राहत नाहीत. परळापासून थोडं लांब, खिडकीच्या आत बसून बघा. माणूस घरात असला की पक्षी त्याला मोजत नाहीत.

दाणे टाकायला मी फारशी उत्सुक नसते. दाण्यांनी कबुतरं येतात आणि मग दुसरं कोणी येत नाही. जास्वंद लावा, शिंजीर येईल. कोपऱ्यात थोडं गवत बीवर येऊ द्या, मुनिया येतील. मार्च-एप्रिलमध्ये संकेश्वरी आणि ब्याडगी गच्चीवर वाळत घातली की माझ्याकडं पोपट आणि बुलबुल बोलावल्याशिवाय हजर. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागतच नाही. तोंडाची आग ही आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या वाट्याला. खार मिरचीला तोंड लावत नाही, पोपट मात्र मिरची कुटायला डंकावर जायच्या आधीच आपला वाटा काढून घेतो.

मृग लागला की

वर्षातला सगळ्यांत भरगच्च काळ म्हणजे वळवाच्या पहिल्या पावसापासून आषाढापर्यंत. ह्या दिवसांत झोप थोडी कमी घ्या.

वळीव पडून गेल्यावर दिवेलागणीला कडुलिंबाभोवती भुंग्यांचा घूंऽघूं आवाज येतो. ते हुमणीचे भुंगे. उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी आपल्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत, पण तिचं हे पंखवालं रूप कडुलिंबावर, बाभळीवर पाला खायला आणि जोडी जमवायला येतं. त्या झाडाखाली उभं राहिलं की पिंगळे आणि भेक दोन्ही एकाच वेळी जेवताना दिसतात. त्यानंतर एखाद्या संध्याकाळी जमिनीतल्या भोकांतून पंखवाली वाळवी उसळते. व्हरांड्यातला दिवा बंद करा, नाहीतर ती सगळी घरात. बाहेर मात्र बघत राहा. कोतवाल हवेत, साळुंकी जमिनीवर, पाल भिंतीवर आणि भेक पायरीवर, सगळ्यांची पंगत एकदम बसते.

मृगात मोकळ्या मातीवर लाल मखमली किडे फिरताना दिसतात. आठ पाय मोजा. तो कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद. काडेपेटीत भरून ठेवायची पोरांना हौस असते. भरू देऊ नका, थोडे दिवस तर तो वर असतो.

पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर साबणाच्या फेसासारखा पांढरट गोळा दिसला तर पुसून टाकू नका. झाडबेडकाची अंडी आहेत ती. मादी द्रव सोडते, ती आणि नर मिळून पायांनी घुसळून त्याचा फेस करतात आणि त्यात अंडी ठेवतात. वरचा थर वाळून पापुद्रा धरतो, आत ओल राहते. काही दिवसांनी खालून फेस पातळ होतो आणि बेडकाची पिल्लं टपटप पाण्यात पडतात. टाकी पिण्याच्या पाण्याची असेल तर फेस पत्र्याच्या तुकड्यानं अलगद सोडवून, पावसाचं पाणी साठलेल्या घमेल्याच्या काठावर, पाण्याच्या वर टेकवून ठेवा. रात्री न्हाणीघरात लाकडावर टकटक केल्यासारखा आवाज आला तर तो त्यातला नर.

एका पाहुण्याला मात्र थारा देऊ नका. शंखी गोगलगाय, मुठीएवढी, आफ्रिकेतून आलेली. पपईची रोपं आणि भाजी ती एका रात्रीत साफ करते. हाताला पिशवी गुंडाळून गोळा करा, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका आणि हात साबणानं धुवा. वाफ्यात मीठ टाकू नका, माती नासते.

साप

ह्यावर थोडं सविस्तर सांगावं लागेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा बिळं बुडाल्यामुळं सापही उंच जागा शोधत घरांत आले. पूर नसलेल्या वर्षीही पावसाळ्यात तेच होतं, फक्त कमी.

परसात दिसणारे बहुतेक साप बिनविषारी. कुंडीतल्या मातीत गांडुळासारखा, पण कोरडा, चकचकीत आणि अंगावर वळ्या नसलेला सापडला तर वाळा, तो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. लांबलचक, पिवळसर तपकिरी, धावणारी ती धामण. वेलीवर वेलीसारखाच हिरवा तो हरणटोळ, हा निमविषारी, पण माणसाला जीवघेणा नव्हे. गटाराजवळ दिवड. आणि सापसुरळी, चकचकीत अंगाची, आखूड पायांची, ती साप नव्हेच आणि तिला विषही नाही.

जीवघेणे चार: नाग, घोणस, मण्यार, फुरसं. ह्यांत मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांची गल्लत नेहमी होते. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होतात. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे मानेकडं नसतात किंवा फिके असतात, शेपटीकडं ठळक होत जातात आणि बऱ्याचदा जोडीजोडीनं असतात. हे वाचून कुणी रात्री बॅटरी घेऊन पट्टे मोजायला वाकू नये. ओळख दहा फुटांवरून पटली तर पटली, नाहीतर विषारी धरूनच चालायचं.

साप दिसला की पोरं आणि कुत्रं आत, एका माणसानं लांबून नजर ठेवायची, आणि वाट मोकळी असली तर तो जातोच. घरात शिरला असेल तर वनखात्याच्या १९२६ ह्या नंबरला फोन करा. गव्यानं शहराच्या कडेला तोंड दाखवलं तरी हाच नंबर, आणि तेव्हा तर गर्दी अजिबात करायची नाही. कार्बोलिकची पावडर, सापाला पळवणारी रोपं, असल्यावर पैसे घालवू नका. विटांचा, लाकडांचा, नारळाच्या सोडणांचा ढीग घराच्या भिंतीला लागून असला की उंदीर येतात आणि त्यांच्या मागं साप. ढीग हवाच, त्यात कितीतरी जीव राहतात, पण तो परसाच्या टोकाला.

चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, हातपाय हलू देऊ नका आणि थेट दवाखाना. इथं कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय आहे. मांत्रिकाकडं घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळा आणि पापण्या जड, एवढंच. पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

घरटी, पिल्लं आणि वही

जास्वंदीच्या टोकाला किंवा कपड्याच्या दोरीला कचऱ्याची गाठ लोंबल्यासारखं काही दिसलं तर ओढू नका. शिंजीराचं घरटं असेल. कोळ्याच्या जाळ्यानं शिवलेलं, वर सालीचे तुकडे आणि अळ्यांची वाळलेली लेंडी टाचलेली, बाजूला दार आणि दारावर छोटीशी पडवी. मादी एकटी बांधते. महिनाभर ती दोरी तिची, कपडे दुसरीकडं वाळवा. फोटोसाठी फांद्या बाजूला करू नका. फांदी हटली की कावळ्याला वाट सापडते.

खाली पडलेलं पिल्लू उघडं, डोळे मिटलेलं असेल तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकते, हे खोटं. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते उडायला शिकतंय, मांजर आवरा आणि लांब व्हा. दूध-पोळी भरवू नका. पोपटाचं पिल्लू पिंजऱ्यात ठेवायचा मोह अनेकांना होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, शेजाऱ्यांकडं वर्षानुवर्षं पिंजरा लटकत असला तरी.

जे दिसेल ते वहीत लिहा. तारीख, वेळ, कुठलं झाड, आणि तो जीव काय करत होता. नाव माहीत नसलं तरी चालेल, "कढीपत्त्यावर, खालच्या बाजूला, खात नव्हती" एवढं पुरे. नाव नंतर सापडतं. फोटो काढला तर एक वरून, एक बाजूनं आणि एक तो ज्या पानावर आहे त्या झाडाचा. झाडाचा फोटो नसला तर अळी ओळखणाऱ्याची निम्मी वाट बंद होते. आयनॅचरलिस्ट ह्या ॲपवर फोटो टाकला की जाणकार नाव सुचवतात; पक्ष्याच्या आवाजासाठी मर्लिन नावाचं ॲप आहे, पण मिक्सर आणि रिक्षाच्या आवाजात तेही गोंधळतं, तेव्हा पहाटे वापरा. घुबडाचा, घरट्याचा किंवा मांडुळाचा फोटो असेल तर ठिकाण लपवायची सोय आयनॅचरलिस्टमध्ये दिलेली आहे, ती आधी चालू करा आणि मगच फोटो चढवा. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तो टाकूच नका.